आधी उजेड ठरवा, मग जागा

मी त्यांना पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते शाळेच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, पालथे पडले होते. गाल मातीला टेकलेला, डोळे मिटलेले, शेरवानीची बटणे गळ्यापर्यंत लावलेली. उन्हे नुकतीच कलली होती. मला नोकरीवर रुजू होऊन चार दिवस झाले होते आणि पाचव्या दिवशी शाळेच्या छपरावर मेलेला माणूस सापडावा हे मला परवडण्यासारखे नव्हते. मी शिडीवरूनच हाक मारली. त्यांनी एक डोळा उघडला.

"जरा गप ऱ्हावा. धाबं अजून ऊन सोडायलंय," असे म्हणून त्यांनी तो पुन्हा मिटला.

मी शिडीवर उभाच. बऱ्याच वेळाने ते उठले, शेरवानी झटकली, "ही जागा फिजूल हाय," असा निकाल दिला आणि माझ्या खांद्याचा आधार घेत खाली उतरून चालते झाले. शाळेची जागा त्यांना कुणी विकायला काढली होती, हे मला त्या दिवशी कळले नाही. खरे सांगायचे तर त्यांच्या बाबतीत मला बरेच काही आजही कळलेले नाही, आणि हे लिहायला बसलो आहे ते काही उलगडा झाला म्हणून नव्हे.

मी वऱ्हाडातला. निजामाचे राज्य गेले, उर्दू शाळा मराठी होऊ लागल्या आणि मराठी शिकवणारे मास्तर कमी पडले, म्हणून माझ्यासारखी बाहेरची माणसे परभणी जिल्ह्यात आली. माझ्या वाट्याला आलेले गाव ताडकळस आणि चुडावा यांच्या मधले. चहूकडे काळी जमीन, आणि गावाच्या उत्तरेला एक मुरमाड माळ. त्या माळावर दगडांची एक खोली होती. हे गृहस्थ तिथे राहत.

ते सेलूकडचे. हैदराबादेत एका वेधशाळेत त्यांनी तरुणपणापासून नोकरी केली होती. ती त्यांनी सोडली की त्यांना काढले, याबद्दल ते दर खेपेला वेगळे सांगत. एकदा म्हणाले, साहेबाशी भांडण झाले. एकदा म्हणाले, साहेब देवमाणूस होता, त्यानेच इकडे पाठवले. एवढे खरे की मोठी दुर्बीण बसवायला देशात जागा शोधली पाहिजे हे त्यांनी मनावर घेतले होते आणि ती जागा आपल्याच जिल्ह्यात आहे अशी त्यांची खात्री होती. त्यासाठी ते एक पितळी दुर्बीण घेऊन गावोगाव राहिले. सेलू त्यांनी नापास केले, कारण जिनिंगमधली रुईची धूळ. चुडावा नापास, कारण आगगाडी आली की तारे हलतात. ताडकळसला म्हणे सगळे ठीक होते, पण बाजाराच्या गाड्यांचा धुरळा दोन दिवस खाली बसत नव्हता.

"अन् काळी तर कुठंच चालत न्हाई," ते सांगत. "दिवसा ऊन पिती अन् रातभर सोडती. वर हवा कढ आल्यावानी हालती. मुरूम चांगला. झटक्यात थंड होतो."

मग धाब्यावर कशाला पालथे पडला होता, असे मी एकदा विचारले. म्हणाले, "नापास करायच्या आदी मुआयना करावा लागतो." मुआयना म्हणजे पाहणी.

गावाने त्यांना नजूमीसाहेब ठरवून टाकले होते. नजूमी म्हणजे ज्योतिषी. दिवसा झोपतो, रात्रभर जागतो, ताऱ्यांकडे बघून वहीत काही लिहितो. आणखी काय पुरावा पाहिजे? लोक हरवलेली म्हैस विचारायला येत. पोरीच्या लग्नाचा योग विचारायला येत. ते भयंकर चिडत. "मी ताऱ्याकडं बघत न्हाई, मधल्या हवेकडं बघतो!" असे ओरडत. लोक मान डोलवत आणि मधल्या हवेला म्हैस दिसली का, ते विचारत.

त्यांचे काम म्हटले तर अगदी सोपे होते. दुर्बीण एका ताऱ्यावर लावायची आणि तो किती थरथरतो ते बघून आकडा लिहायचा. खिळा ठोकल्यासारखा स्थिर असला तर दहा. कढईतल्या लाहीसारखा उडत असला तर एक. ढग असले तर फुली. बस्स. असे त्यांनी त्या माळावर दहा वर्षे केले. पाहुणा आला, ताप आला, पोलीस ॲक्शनच्या दिवसांत गाव अर्धे रिकामे झाले, तरी आकडा चुकला नाही. हे शहाणपण की वेड, असे मी स्वतःला विचारी आणि दर खेपेला उलट उत्तर येई.

त्यांचे एक पालुपद होते: "आधी उजेड ठरवा, मग जागा." ते त्यांनी इतक्या ठिकाणी वापरले की मला त्याचा वीट आला. माझा फळा त्यांनी वर्गाच्या चारही भिंतींवर फिरवला आणि शेवटी पोरे रस्त्याकडे तोंड करून बसली. तेव्हापासून गावात कोण आले, कोण गेले याची पक्की माहिती माझ्या तिसरीच्या वर्गाला असे. मी मुलगी बघायला निघालो तर मला अडवून म्हणाले, "मास्तर, उत्तरेच्या दारात बसवा तिला. तिथला उजेड खोटं बोलत न्हाई." मी तसे सुचवले आणि सासरेबुवा जन्मभर माझ्याकडे संशयाने बघत राहिले.

त्या पालुपदाचा अर्थ मला कळला तो धुरपदाबाईच्या घोंगडीमुळे. कळला म्हणजे थोडासा. धुरपदाबाई ही धनगराची विधवा. पन्नाशीची, उंच, तोंडाने फटकळ. तिची मेंढरे त्या माळावर चरत. उन्हाळ्यात ती कळप घेऊन काळीत उतरे. शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेत, खत पडे, हिला धान्य मिळे. पण पाऊस सुरू झाला की काळीचा चिखल होतो आणि चिखलात मेंढरांचे खूर सडतात. त्या चार महिन्यांत माळ हेच तिचे घर. पंचक्रोशीत दुसरी मुरमाड जागा नव्हती.

एका दुपारी नजूमीसाहेबांनी तिची घोंगडी चार काठ्यांवर ताणली आणि मला खाली बसवले.

"काय दिसतं, मास्तर?"

"अंधार. बारीक बारीक ठिपके."

"ऊन लागतंय का?"

"ऊब लागते."

"वारं?"

"नाही."

"हां! आपण समदे असेच बसल्यालो हाव. हवेची घोंगडी हाय आपल्या डोक्यावर. उजेड काय डोळ्याला दिसतो तेवढाच नसतो. लांब लहरीचा असतो, रेडिओवानी. तो ढगातूनबी येतो, त्याला कुठंबी बसा. उष्णतेच्या लहरीचा असतो, त्याला हवेतलं पाणी पिऊन टाकतं. त्याला पायजे लय उंच, कोरडा डोंगर. निळ्याच्या पल्याडचा असतो, लय आखूड, तो वरच अडतो. त्याला घोंगडीच्या वरच जावं लागतंय. अन् डोळ्याला दिसतो तो येतो, पण थरथरत येतो. त्याला हवा शांत पायजे. म्हणून आधी उजेड ठरवा."

"आणि घोंगडीच्या वर कसे जाणार?"

"ते मला काय ठाव?" ते एकदम हिरमुसले.

धुरपदाबाई मेंढरे वळवून आली. "माझी घोंगडी भोकाची हाय म्हणायलाय का साहेब?" तिने विचारले. मी सांगितले, की साहेब हवेबद्दल बोलत आहेत, इथे मोठी दुर्बीण बसायची आहे. ती काठीवर हनुवटी टेकून उभी राहिली.

"मंग माझी मेंढरं कुठं जायची?"

"माळ काय कमी मोठा हाय का? एका कोपऱ्यात बसंल दुर्बीण," साहेब म्हणाले.

"सरकार कोपऱ्यात बसत न्हाई, बाबा. धूळ नको म्हणून कुंपण घालतील. मेंढरं धूळच करत्यात."

तिची घोंगडी त्यांनी घडी करून परत दिली. ती घडी त्यांना कधीच नीट जमत नसे.

पुढे दिल्लीत कुठलीशी समिती बसल्याचे त्यांना हैदराबादच्या एका जुन्या दोस्ताने कळवले. मोठ्या दुर्बिणीसाठी जागा सुचवा, सोबत मोजणी पाठवा, इंग्रजीत पाठवा. त्यांच्या वह्या उर्दूत. इंग्रजी त्यांना येत नव्हते, आकडे तेवढे ओळखीचे. शिवाय तारखा सगळ्या फसली. निजामाच्या दफ्तरात फसली साल चाले. आजूर, दै, बहमन असे त्याचे महिने. राज्य गेले, फसली गेले, कचेरीतल्या शिपायानेही इंग्रजी महिने उचलले, पण यांच्या वहीत फसलीच. मी डिवचले तर म्हणाले, "मोजणीला मधीच माप बदलायचं नसतं. राजा बदलला म्हणून आभाळ बदललं का?"

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बसलो. ते उर्दूतून वाचत, मी इंग्रजीत उतरवी. महिन्यांचा तक्ता मी आदल्या दिवशीच स्वतः करून ठेवला होता. फसल म्हणजे पीक, फसली साल म्हणजे पिकाचे साल, आणि पिकाचे साल मृगात सुरू होते हे मला माझ्या बापाने शिकवले होते. तेव्हा पहिला महिना आजूर म्हणजे जून. त्यांना विचारावे असे मला वाटलेही नाही. शाळामास्तराला विचारायची सवय नसते, सांगायची असते.

"आजूर, पयली. नऊ," ते वाचत. मी लिही: जून, एक, नऊ. "आजूर, दुसरी. आठ." असे आठ दिवस. माझी बोटे आखडली. त्यांचा आवाज बसला. आकडे उतरवणाऱ्याला आभाळ दिसत नाही, हे एवढेच मी आज स्वतःच्या बाजूने म्हणू शकतो. शेवटच्या पानावर त्यांनी उर्दूत सही केली आणि कितीतरी वेळ त्या गठ्ठ्यावर हात ठेवून बसले. "मास्तर, हे झालं की मी मोकळा," म्हणाले. दुसऱ्या दिवशी लखोटा घेऊन ते स्वतः पायी चुडाव्याच्या स्टेशनावर गेले. टपाल गाडीनेच जावे असा त्यांचा हट्ट होता. त्यांनी नापास केलेली जागा, पण टपालापुरती पास.

उत्तर येईना. वर्ष गेले. आणि मग रशियाने पृथ्वीभोवती फिरणारा तो पहिला गोळा आभाळात सोडला. परभणीहून वर्तमानपत्र आले तेव्हा ते माझ्याकडून त्यांनी तीनदा वाचून घेतले. पुढे काही दिवस पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळे गाव माळावर जमे. एकदा एक ठिपका खरेच सरकत गेला. धुरपदाबाईने त्याला हात जोडले. साहेब मात्र डोक्याला हात लावून खाली बसले.

"घोंगडीच्या वर गेला की वं," ते म्हणत होते. "मास्तर, घोंगडीच्या वर गेला!"

ते आनंदाने म्हणत होते की दुःखाने, मला समजेना. त्यानंतर ते विचित्र वागू लागले. कधी म्हणत, आता मोठी दुर्बीण वरच न्यायची, माळ-बीळ सब फिजूल. कधी म्हणत, एवढं मोठं भिंग वर कसं नेणार, डोळ्याच्या उजेडाला माळच पाहिजे. सकाळी एक, दुपारी दुसरे. मीही त्यांच्याबरोबर इकडून तिकडे हेलकावे खात होतो. आकडा लिहिणे तेवढे दोन्ही मतांत सुरू होते.

समितीचे पत्र त्यानंतर आले. दोन ओळींचे. मी वाचून दाखवले: सदर जागेचा विचार करता येत नाही. कारण दिलेले नव्हते. मला घाबरायला झाले. मला वाटले हा माणूस आता कोसळतो. तर त्यांनी टाळी वाजवली.

"बराबर केलं! शाणे लोक हायत. वर जायचं ठरलं आसंल त्यांचं. मंग माळ कशाला पायजे?"

आणि त्यांनी गावात गूळ वाटला. हो, नापास झाल्याचा गूळ. धुरपदाबाईला मुठीएवढा खडा दिला. तिने कारण विचारले नाही, पदरात बांधून घेतला. मी तो गूळ खाल्ला आणि एका परीने सुटलो असे मला वाटले.

सुटका फार दिवस टिकली नाही. पुढच्या वर्षी एका मुलाचा दाखला करायचा होता. त्यासाठी शाळेचे जुने, निजामाच्या वेळचे रजिस्टर काढले. त्यात त्याच्या थोरल्या भावाच्या नावापुढे कुणा काटेकोर हेडमास्तराने दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहिल्या होत्या. फसलीत आजूरची पहिली. इंग्रजीत ऑक्टोबर, तारीख सहा.

मी ते पान किती वेळ बघत होतो कोण जाणे. मग घरी जाऊन माझी कच्ची प्रत काढली. माझ्या हाताने मी दिल्लीला कळवले होते, की या माळावर भर पावसाळ्यात तारे खिळ्यासारखे स्थिर असतात आणि फाल्गुन-चैत्रात रोज ढगांमुळे फुल्या. मराठवाड्यात! ते पान वाचताना समितीतले लोक किती हसले असतील. दहा वर्षांची मोजणी, आणि ती एका अडाणी थापेबाजाची ठरली, माझ्या बापाच्या मृगामुळे. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी दोन दिवस शाळेत गेलो नाही.

सांगावे की नाही? न सांगावे तर त्यांचा आनंद शाबूत होता. ते समजत होते की जग त्यांच्या माळाच्या वर निघून गेले. सांगावे तर जगाचा काही संबंध नव्हता, चूक मास्तराची होती. पण सांगितले तर दुसरा अर्ज करता आला असता. आणि अर्ज मंजूर झाला तर धुरपदाबाईचे काय, हेही मला दिसत होते. जितका विचार करावा तितका गुंता वाढे. शेवटी समितीचे पत्र आणि कच्ची प्रत खिशात घालून मी एका सकाळी माळावर गेलो.

ते दगडावर बसून भाकरी खात होते. मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले. आजूर, जून, ऑक्टोबर, सगळे. त्यांचा घास थांबला नाही.

"ठाव हाय मला," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"टपालात टाकायच्या आदीपासून. चुडाव्याला गाडी उशिरा व्हती. लखोटा उघडून बघितलो. पयल्याच पानावर जून लिवल्यालं."

"मग दुरुस्त का नाही केलेत? तिथून परत का नाही आलात? साहेब, दहा वर्षे!"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. खाली उतारावर मेंढरे पसरली होती. धुरपदाबाई एका लंगड्या मेंढीचा पाय मांडीवर घेऊन खूर बघत होती.

"मोजणीत खोटं लिवणं मला जलमात जमलं नसतं, मास्तर," ते म्हणाले. "तुमी लिवलात. मी निस्तं दुरुस्त केलो न्हाई. तेवढं जमून गेलं."

"मेंढरांसाठी?"

"आभाळ दुसरीकडूनबी दिसतंय. हिला दुसरा माळ न्हाई." आणि त्यांनी भाकरीचा अर्धा भाग माझ्यापुढे केला. "बसा. उभे कामून हाव?"

मी बसलो. भाकरी हातात घेतली. माझ्या छातीवरचे ओझे उतरले होते, डोळे भरून आले होते, त्यांच्या पायावर डोके ठेवावे असे वाटत होते. आणि त्याच वेळी डोक्यात दुसरे काही सुरू झाले. या माणसाला इंग्रजी येत नव्हते. औषधाच्या बाटलीवरचे अक्षरसुद्धा तो माझ्याकडून वाचून घेई. मग स्टेशनावर त्याने जून वाचला कसा? एवढा एक शब्द त्याला येत असेल का? की त्याला काहीच ठाऊक नव्हते, आत्ता, माझ्या तोंडून ऐकताना, एका घासाच्या वेळात त्याने दहा वर्षांवर पाणी सोडले आणि माझी चूक उचलून स्वतःच्या अंगावर घेतली?

समितीचे पत्र खिशात होते. वर महिना छापलेला होता, इंग्रजीत. ते त्यांच्यापुढे धरून "हा कोणता महिना?" एवढे विचारले असते तर जन्माचा उलगडा झाला असता. माझा हात खिशापर्यंत गेला. त्यांनी तो बघितला, माझ्याकडे बघितले आणि नजर खाली भाकरीकडे वळवली. मी हात तसाच परत घेतला.